पीळ

साखर पेठेतल्या मागावर माझा हात बसला,
जखमेवर नाही.
धागा तुटला की बोटं आपोआप जायची:
थुंकी, पीळ, गाठ,
आणि माग पुन्हा खडखडू लागायचा.

अठ्ठेचाळीसच्या श्रावणात मला धाडलं
बोरी नदीच्या काठी,
सरहद्दीपासून दीड कोसावरच्या एका शाळेत.
फळ्यावर अजून बे चोक आठ होतं.
डॉक्टर येणार होते.
महिनाभर ते येणारच होते.
तोवर मी ड्रेसर, दस्तगीर कंपाउंडर,
आणि गावची सुईण गंगव्वा,
आम्हा दोघांनाही कानडीत शिव्या देणारी.

सामान म्हणशील तर
चहाच्या डब्यात अर्धी सल्फाची पूड,
आयोडीनची बाटली, बुचाच्या जागी कणसाचं बुरकुंड,
मॉर्फियाच्या दोन कुप्या, एक कात्री, एक कंदील.
आणि सोलापुरातून कुणी दान दिलेल्या चादरी,
कोऱ्या, खळीचा वास मारणाऱ्या.
खळ आधी उकळून काढावी लागते,
नाहीतर कापड रक्त पीत नाही.
पुढे डॉक्टर आले तेव्हा
एवढी एकच गोष्ट त्यांना मी शिकवली.

त्या रात्री बैलगाडीतून दोघं आले.
इराप्पा, आमच्याच बाजूचा, खांद्यात गोळी.
आणि खाकीतला एक पोरगा, मिसरूडही न फुटलेला,
मांडीतून रक्त उसळ्या मारत होतं.
"ह्याला कशाला आणलं?" इराप्पाचा भाऊ ओरडला.
गाडीवान जू उतरवत म्हणाला,
"वाटेत इव्हळत होता. बैल पुढं जाईनात."

दस्तगीरनं माझ्याकडे पाहिलं.
मी पोराच्या मांडीकडे.
इराप्पाचं रक्त झिरपत होतं, वाट बघणारं होतं.
पोराचं नव्हतं.

चादरीची किनार फाडली, मांडीवर आवळली.
पिळायला काही नाही.
पिशवीत तळाशी बापाचा धोटा होता.
का घेऊन आलो होतो, आजही सांगता येत नाही.
गाठीत खोवला आणि फिरवला.
एक पीळ. दुसरा.
तिसऱ्याला पोरगं किंचाळलं, आणि रक्त थांबलं.

पण धोटा सोडला की उलटा फिरायचा.
दस्तगीरचे दोन्ही हात इराप्पाच्या खांद्यावर,
माझे कात्रीवर, गंगव्वाचे उकळत्या पाण्यात.
मोकळे हात खोलीत दोनच होते,
भिंतीला टेकून उभे.
"धर," गंगव्वा त्याला म्हणाली. मराठीत.
तिच्या तोंडून मराठी मी पहिल्यांदा ऐकली.

त्यानं धरला.

मॉर्फिया दोघांना एकेक.
त्यावरून कुणी काही बोललं नाही.

किती वेळ बांधायचं ते ठाऊक होतं,
किती वेळ झाला ते कळायला घड्याळ नव्हतं.
गिरणीच्या भोंग्यावर वाढलेला माणूस मी,
भोंग्याविना रात्र मोजता येईना.
कंदिलाच्या काचेवर कोळशानं रेघ ओढली:
तेल इथवर उतरलं की पीळ सैल करायचा.
तसलीच रेघ पोराच्या कपाळावर,
पुढच्या माणसाला कळावं म्हणून.
आता वाटतं, कुणाला काय कळणार होतं त्यातून.

तेल रेघेवर आलं. सैल केला.
रक्त आलं. पुन्हा पिळला.
इराप्पाचा भाऊ मध्येच तोंड फिरवून म्हणाला,
"ह्याचं नाव तरी विचारा कुणी."
पोरगं झोपलं होतं.

पहाटे गाडी सोलापूरकडे निघाली, चौदा कोस.
दोघं एकाच चादरीखाली.
भाऊ त्यांच्या पायथ्याशी बसला होता,
मूठ आवळलेली.

इराप्पा जगला. दिवाळीत त्यानं हुलग्याचं पोतं पाठवलं.
पोराचा पाय राहिला का, पोरगं राहिलं का,
सिव्हिलात कुणालाच आठवेना.
धोटा परत आला नाही.
भावाला विचारायचं दोनदा ठरवलं,
दोन्ही वेळा पावसापाण्याचं बोलून परतलो.

नंतर मी मागावर गेलो, तीस वर्षं काढली.
मुकादम हसायचे मला.
धागा तुटला की सगळे धाग्याकडे धावायचे,
मी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचो.