परांचीवरून

फोर्टातल्या त्या इमारतीचं धुणं काढलंय.
बांबूची परांची, हिरवी जाळी,
आणि चौथ्या मजल्याच्या कोपऱ्यात मी,
हातात दात घासायचा ब्रश,
कमरेला पाण्याची बाटली.

खाली रविवारचा घोळका येतो टोप्या घालून.
गाईड सांगतो : वास्तुविशारद अमुक, गव्हर्नर तमुक,
खर्च इतके लाख, दगड पोरबंदरचा.
दगडाला गाव आहे.
तो वर चढवला कुणी, हे कुणी विचारत नाही.
ऊन असतं, पुढे इराण्याकडे चहा ठरलेला असतो.

लिफ्टमन पहिल्या दिवशी म्हणाला, विच कंट्री?
म्हटलं, डोंगरी.
सरका जरा, बादली आहे.

जुम्मा, माझ्या बापाचा आजा,
आगबोटीच्या पोटात कोळसा ओढायचा.
बोट लागली की गोदीत,
गोदीत काम नसलं की मिळेल तिथं : चुना, दोर, धोंडे.
सकरबू फुफी सांगायची, तो ह्या भिंतीवरही होता.
फुफी थापाही मारायची.
जुम्मानं म्हणे एकदा देवमाशाची पाठ थोपटून
त्याला परत पाठवलं होतं एडनला.

म्हणून मी दप्तरं उघडली. सात शनिवार.
वाळवी, शिंका, आणि एका पानावर एकच ओळ :
‘सिदी, अकरा असामी.’
खालच्या ओळीत साहेबाचे दोन घोडे.
त्यांना नावं होती.

काल कमानीखाली, पानांच्या नक्षीत,
एक तोंड लागलं. मुठीएवढं.
इंजिनियर खालून ओरडले, मॅडम,
काळं सगळं गेलं पाहिजे हां!
मी ब्रश फिरवत राहिले.
नाक रुंद निघालं. ओठ जाड.
केसांच्या जागी छिन्नीच्या टोकाची
बारीक बारीक वेटोळी,
माझा कंगवा जिथं रोज अडतो तशी.

सिंह असेल, इंजिनियर म्हणाले. झिजलेला.

मी जुम्मा म्हणून हाक मारली नाही.
एवढी भोळी नाही मी.
फक्त पापण्यांखालची काजळी राहू दिली,
सुरम्याइतकी.

संध्याकाळी फॉर्म भरला.
घटक क्रमांक एकशे सतरा.
तपशील : असामी, एक.
नावाची जागा कोरी सोडली, तीन बोटं रुंद.
इंजिनियरांनी न वाचता सही केली.