सातशे मिली

शुक्रवारची पाळी अकरा ते तीन.
उत्तम शुक्रवार असला म्हणून काय,
मशीन सुट्टी घेत नाही, मावशी,
असं म्हणत पोरानं शांतवनच्या दंडात
दाभणासारख्या दोन सुया सरकवल्या.
मी नेहमीसारखं पंख्याकडे बघितलं.

वर्तकनगर, पहिला मजला, खाली साड्यांचं दुकान.
नऊ खाटा. नऊ जणांचं रक्त
नळ्यांतून बाहेर जाऊन, धुऊन, परत येतं.

तिकडे चर्चमध्ये पाळकसाहेब
पहिल्या उद्गाराला उभे राहिले असतील.
पाचवा उद्गार एकवीस वर्षं माझ्या भावाचा.
वागळे इस्टेटच्या लेथवर, पट्ट्यांच्या खडखडाटात
कमावलेला आवाज. माईक बाजूला सारायचा
आणि वाचायचा: तहान.
वाचून झालं की मागच्या दारानं बाहेर,
माठातलं दोन ग्लास पाणी घटाघटा.
मी रागवायचे. लोक बघतात रे.
तो मिशी पुसत म्हणायचा,
आक्का, नुसतं वाचूनसुद्धा घसा सुकतो.

आता दिवसाला सातशे मिली.
बाटलीवर मी नेलपॉलिशनं रेघा मारल्यात.
चहा धरायचा, आमटी धरायची,
गोळीबरोबरचा घोटसुद्धा.
रात्री दोनला उठून पाहिलं
तर फ्रीजचं दार उघडून हा समोर उभा.
काय रे?
काही नाही, गार वाटतं.

मी माझं द्यायला निघाले होते.
एकाच आईच्या पोटातून आलो आम्ही,
एकाच ताटात जेवलो,
तरी तपासणीचा कागद नाही म्हणाला.
परतताना रिक्षात, तीन हात नाक्याच्या सिग्नलला,
मी देवाशी भांडले:
तू महिन्याच्या पहिल्या रविवारी
तुझं शरीर वाटत सुटतोस,
भाकरीच्या तुकड्यात, येईल त्याला,
जुळतं का म्हणून विचारत नाहीस.
मला एकालाच द्यायचं होतं.
सिग्नल सुटला. उत्तर बित्तर काही आलं नाही.

पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले,
सोनं आगीतूनच शुद्ध होतं, शांतवनराव.
हा म्हणाला, सोन्याचं मला माहीत नाही.
जन्मभर लोखंड घासलं.
घासलं की ते लहान होतं,
एवढंच मी पाहिलंय.
साहेबांनी चहा संपवला.
याच्या कपात दोन घोट होते, ते यानं पुरवून पुरवून प्यायले.

दीड वाजला असेल.
प्रेशर उतरलं, ओठ पांढरे,
डोळे मिटलेले. मी तळवे चोळत बसले.
शेजारच्या खाटेवर चेंदणीची हिराबाई,
आज सून आलेली नव्हती तिची,
कुणालाच उद्देशून नाही, छताला म्हणाली,
तान लागलीय गो.

शांतवनचे ओठ हलले.
पाचवा, म्हणाला.
मला वाटलं भ्रमात आहे.
मग डोळे न उघडताच:
माझा बर्फ दे तिला. माझ्यातून वजा कर.

थर्मासमध्ये एकच खडा होता, दुपारचा, वीस मिलीचा.
मी तो हिराबाईच्या जिभेवर ठेवला.
तिनं डोळे मिटले,
प्रभुभोजनाला मिटतात तसे. तिला काय माहीत.

इतकी वर्षं मला वाटे, तो उद्गार
लिहिलेलं पुरं व्हावं म्हणून काढला असेल.
ज्यानं खाड्या भरल्या त्याला कसली तहान?
आज तिची जीभ पाहिली, टाळूला चिकटलेली,
आणि याची.
अशीच असणार त्याची.
तसं असेल तर मग
त्या रिक्षात तो गप्प बसला,
ते बोलवत नव्हतं म्हणूनही असेल.
मला नक्की सांगता येत नाही.

तीन वाजता मशीन वाजलं.
सुया निघाल्या. दहा मिनिटं दाबून धरा,
सोडू नका, पोरगा म्हणाला.
मी अंगठा जखमेवर दाबून धरला.
खाली शीर थरथरत होती,
लेथ बंद करतानाची शेवटची घरघर असते तशी,
पण ही थांबत नव्हती.

किती उरलं, आक्का?

मी वही उघडली. एकशे ऐंशी.
रात्रीपर्यंत.