वीस लिटर

हाल्वरने पत्र्याचा डबा माझ्या पायाशी ठेवला.
वीस लिटर, एकशे दहा ऑक्टेन,
झाकणाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती.
वास गोड, उतरलेल्या फळासारखा,
आणि त्या गोडाखाली काहीतरी करकरीत.
"शिसं आहे यात," तो म्हणाला,
"जेवायच्या आधी हात धू."

माझी व्होल्वो एकतीस वर्षांची,
माझ्याहून चार वर्षांनी थोरली.
मागच्या सीटवर आईची लोकरी शाल,
डिकीत बर्फाचं फावडं, भर जूनमध्येही.
बॉनेटखाली मात्र टर्बो,
लाकडाच्या गिरणीतल्या
एका अख्ख्या हिवाळ्याच्या रात्रपाळ्यांचा.

रात्री अकराचं ऊन.
विमानं विसरून गेलेली धावपट्टी,
दोन्हीकडे बर्च, आणि डास इतके
की हेल्मेटची काच पाडूनच बोलायचं.
टाकी भरली.
चारशे मीटर.
तेरा पूर्णांक चार सेकंद.
गेल्या शनिवारी पंपावरच्या पेट्रोलवरही
तेरा पूर्णांक चारच लागले होते.

हाल्वर हसला नाही.
"गाडीला सांगितलंस का?"
"काय?"
"आज पोटात काय आहे ते."

मी समजत होते, महाग तेल म्हणजे मोठी आग.
तो म्हणाला, उलट.
हे लवकर पेटत नाही, एवढाच याचा गुण.
दाबा, तापवा, कोंडा,
ठिणगीची आग आपल्यापर्यंत येईतो
गप्प राहतं.
साधं पेट्रोल उतावीळ.
टर्बोने चार घास हवा जास्त कोंबली
की आग पोचायच्या आधीच कोपऱ्यात भडकतं,
आणि मग तो आवाज,
कढईत लाह्या फुटल्यासारखा.
गेल्या वर्षी माझा तिसरा पिस्टन
त्याच आवाजात गेला.

त्याने लॅपटॉप बॉनेटवर ठेवला,
त्याच्या बटणांना माशाचे खवले चिकटलेले.
ठिणगी चार अंश अलीकडे.
हवेचा दाब शून्य पूर्णांक नऊवरून दीड.
"हं. आता कळलं तिला."

दुसऱ्या खेपेचं मला नीट सांगता येत नाही.
तिसऱ्या गिअरमध्ये
कुणीतरी पाठीला तळहात लावला.
बर्च वेगवेगळे राहिले नाहीत,
एक पांढरी रेघ झाले.
थांबल्यावर गुडघा थरथरत होता
आणि हाल्वर लांबून बोटांनी काहीतरी दाखवत होता,
आधी अकरा, मग नऊ.
मी काच उघडून ओरडले,
तोंडात दोन डास गेले.

सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा.
शिशाने सेन्सरचं नाक बुजलं होतं,
हेही त्याने सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.
दाब पुन्हा शून्य पूर्णांक नऊ,
टाकीत उरलेल्या तेलावर पंपाचं पेट्रोल,
आणि शेजारी आई.
"काय सांडलंस गाडीत? गोडसर येतंय."
"काही नाही."

लिक्सेलेचं हॉस्पिटल, एकोणनव्वद किलोमीटर,
मंगळवार, गुरुवार, शनिवार.
वाटेत रेनडिअर रस्त्यात उभे,
हॉर्नला दाद न देणारे.
तिथे नवी नर्स. सुई दोनदा चुकली.
आईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं,
जुलैचं पान कुणीतरी आधीच उलटलं होतं,
एवढंच ती म्हणाली.
मी मात्र त्या पोरीवर भडकले,
कॉरिडॉरमधून दोन माणसं डोकावली.
आई म्हणाली, "टूवा, बस."

परतताना ती शाल हनुवटीपर्यंत ओढून होती.
मला वाटलं झोपली.
नदीशेजारचा तो सरळ पट्टा लागला तशी म्हणाली,
"रात्री कुठे होतीस ते मला माहीत आहे.
हाल्वरची बायको फोन करते."
मी गप्प.
"मग? किती पळते ही?"

दिवा पिवळाच होता.
मी रेडिओ बंद केला,
पाय थोडासा, अगदी थोडासा खाली नेला,
आणि कान देऊन बसले
लाह्यांच्या आवाजाला.