रिव्हर्स

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात सतरा गाड्या उभ्या,
एकीच्या टायरांमधून एरंड वर आलाय.
मालक म्हणतात, ड्रायव्हरच मिळत नाहीत.

मिळतील कसे?
मीच माझ्या पोराला बजावलं होतं,
काहीही कर, हे चाक धरू नकोस.
तो बँकेत आहे. वेळेवर जेवतो.

आता चार कंपन्या आणि एक आयटीआय मिळून
मोशीपलीकडे मुरमाचं मैदान,
आणि पगारी उस्ताद मी, गुलाब मुलाणी,
गळ्यात ओळखपत्र.
मी शिकलो ते क्लीनर म्हणून, सहा वर्षं
काचा पुसत, पाठीत बुक्क्या खात.
इथं तीन महिने, वर दुपारचं जेवण.

आज इंदापूरची वैजयंता ओव्हाळ
चाळीस फुटी ट्रेलर मागे घेत होती.
दोनदा शंकू आडवा.
तिसऱ्यांदा मी ओरडणार,
तर ती खाली उतरली,
मागं जाऊन जागा पावलांनी मोजली,
पुन्हा चढली, आणि लावली गाडी,
गव्हाणीशी म्हैस येते तशी.

मला कुणी उतरू दिलं नव्हतं.

चहाला तिनं विचारलं,
सर, रात्री झोप आली तर?
पुस्तकात आहे : गाडी बाजूला घ्यावी.
मी तेच सांगितलं.
खंबाटकीची ती रात्र
अजून नाही सांगितली.