उचलल्याशिवाय

आठवीला मी पुठ्ठ्याचे त्रिकोण कापून दिले.
पुठ्ठा मक्याच्या पिठाच्या खोक्याचा,
म्हणून प्रत्येक त्रिकोणाच्या पाठीवर
पिवळ्या कणसाचा एखादा तुकडा.

"सरकवा," म्हटलं. सरकवले.
"फिरवा." कोपऱ्यावर बोट दाबून फिरवले.
मोखोत्लोंगच्या डोंगरांवर ऑगस्टचं बर्फ होतं
आणि मागची बाकं, रोजच्यासारखी,
माझं लक्ष नसताना स्टोव्हकडे सरकली होती.
तोही धडाच:
जागा बदलली, पोरं तीच.

मग फळ्यावर बाजू, कोन, बाजू.
एवढं जुळलं की पुढचं विचारायचं नसतं,
तिसरी बाजू मुकाट येऊन बसते.

खाहलिसोची बसेना.
डावखुरी पोर. लिहिता लिहिता
स्वतःचंच अक्षर मनगटानं पुसत जाते.
"तिन्ही बाजू मोजल्या, बाई. तिन्ही कोन.
सगळं सारखं. पण हा त्याच्यावर जात नाही."

खरंच जात नव्हता.
एक टोक बसलं की दुसरं बाहेर,
उजव्या पायाचा बूट डाव्यात घालावा तसं.

"अगं, पालथा कर."
"म्हणजे बाकावरून उचलू?"
"हो."
"तुम्ही सरकवा म्हणालात. फिरवा म्हणालात.
उचला कुठं म्हणालात?"

वर्ग हसला. मोसिउआ तर बाकावर पडून हसला.
मला हसू आलं नाही.
चौदा वर्षं मी परावर्तन हा शब्द
त्याच खडूनं, त्याच फळ्यावर, खाली रेघ ओढून लिहितेय.
कागदावर राहणाऱ्याला
आरशातल्या आपल्याला भेटायचं
तर कागद सोडावा लागतो,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

उत्तर नसलं की मी वर्ग बाहेर काढते.
शाळेमागे मे मात्सेपोचं घर,
ईस्टरआधी शेणामातीनं लिंपलेलं,
ओल्या भिंतीवर काट्याचमच्यानं ओढलेल्या रेघा
अजून शाबूत.
एक चौकोन. शेजारी तोच, पण उलटा.
खाली दोघे, पुन्हा उलटे.
चार पानं एका देठाला पाठ करून बसलेली.

"हे उलटं तुम्ही कसं काढता?" खाहलिसोनं विचारलं.
मे मात्सेपोला प्रश्नच कळला नाही.
तिनं चुलीतली राख अंगणात पसरली,
दोन्ही हातांची बोटं मधोमध टेकवली
आणि एकदमच ओढली,
एक हात इकडे, एक तिकडे.
"असं," म्हणाली. "दुसरं कसं काढणार?"
आणि भांडी घासायला गेली.

पोरं राखेवर तुटून पडली.
खोथात्सोचा डावा हात उजव्याचं ऐकेना,
त्याचं पान एका बाजूनं आजारी निघालं.
खाहलिसोनं काहीच काढलं नाही.
तिनं हात समोर धरले,
उजव्यावर डावा ठेवून पाहिला, दोन्ही तळवे खाली.
अंगठे दोन दिशांना.
मग तळव्याला तळवा लावला.
बोटाला बोट, नखाशी नख.
थंडी होती, म्हणून तिनं त्यात फुंकरही मारली.

परीक्षेत प्रश्न होता:
हे त्रिकोण एकरूप आहेत का? कारण द्या.
बाकीच्यांनी कसोटीचं नाव लिहिलं,
मी शिकवलं तसं, स्पेलिंगच्या चुकांसह.
तिनं, अर्ध्या पुसलेल्या अक्षरात:
"आहेत. पण एकाला उचलावं लागेल."

उत्तरपत्रिका तपासायच्या नमुन्यात हे नव्हतं.
दोन पैकी दोन दिले,
आणि पुढच्या वर्षीचे त्रिकोण कापताना
कणीस मुद्दाम वर ठेवलं,
काहींचं. सगळ्यांचं नाही.