सहावा पेला

नारीनमध्ये फेब्रुवारीत खडूसुद्धा बोटांना चावतो.
सातवीचा वर्ग. शेगडीजवळच्या बाकांसाठी रोजची ढकलाढकली.
मी टेबलावर पत्र्याचे सहा पेले मांडले,
सहांत एकाच किटलीतलं पाणी, एकाच रेघेपर्यंत.
ऊब कोण जास्त वेळ धरून ठेवतं? शोधा.

बेगिमायनं आणला बुरणूस,
आईनं तुडवून तुडवून केलेला, वर मेंढ्याच्या शिंगांची लाल नक्षी.
कुणी वडिलांचं विटलेलं स्वेटर, कुणी वर्तमानपत्र,
कुणी खोगिराखालची घोंगडी, घोड्याच्या घामासकट.
एकानं प्लास्टिकची पिशवी, कारण तो रात्री विसरला होता.
सहाव्याला काहीच नाही.

"याला का नाही, एजे?"
म्हटलं, त्याचं कामच ते.
तो नसेल तर बाकीचे कुणापुढे फुशारकी मारणार?
फळ्याकडे वळले, परत बघते तर
सहाव्याच्या डोक्यावर लोकरी टोपी.
कुणाची, ते कुणी सांगेना.
टोपी काढली. किटली पुन्हा चढवली.
आमच्याकडे दयेची किंमत कोळशात मोजतात.

थर्मामीटर एकच.
दुसरा गेल्या वर्षी शेगडीवर फुटला,
कुणाचा तरी खोटा ताप काढताना.
डावीकडून उजवीकडे मोजत गेलो, एकेकाला मिनिट.
बुरणूस अठ्ठावन्न.
शेवटचा, उघडा, एकेचाळीस.
बेगिमायनं वहीत 'जिंकला' आधीच लिहून ठेवलं होतं,
हातच्या काकणाला आरसा कशाला, अशा चेहऱ्यानं.

मग मागून एर्केबुलान.
आमच्या वर्णमालेत 'ए' अगदी शेवटाकडे येतो,
म्हणून हजेरीत तो शेवटी, दुधाच्या रांगेत शेवटी,
दात तपासायला डॉक्टर येतात तेव्हाही.
वर्षभरात त्याचा आवाज मी दोनदा ऐकला असेल.
"सहावा पाच मिनिटं जास्त थांबला," तो म्हणाला.
"तो थंड आहे, की नुसता शेवटी आहे,
हे यातून कळत नाही."

शेगडीत कोळसा फुटला.
अठरा वर्षं मी हा प्रयोग घेते आहे.
अठरा वर्षं, डावीकडून उजवीकडे.

"मग कसं करायचं?"
त्यानं खिशातून चुको काढली,
मधल्या सुट्टीत खेळायची, मेंढीच्या घोट्याची हाडं.
प्रत्येकावर शाईनं आकडा टाकला
आणि टोपीत खुळखुळवली.
त्याच टोपीत.
त्याची होती तर.

हाड सांगेल तो पेला आधी. तीनदा, नव्या पाण्यानं.
कुणी म्हणालं, बुरणूसही दुहेरी गुंडाळू, लगे हात.
नाही.
एका दगडात दोन पक्षी शिकाऱ्यानं मारावेत.
इथे एका वेळी एकच पक्षी,
आणि तोही नुसता बघायचा.

अंधार पडला. कोळशाची बादली तळाला गेली.
स्वेटर सत्तावन्न. बुरणूस छप्पन्न.
उघडा चव्वेचाळीस: थंडच, पण वाटला तेवढा नाही.
बेगिमायच्या हातात खोडरबर.
तिची आई रविवारच्या बाजारात हाच बुरणूस मांडून सांगते,
याच्यासारखी ऊब दुसऱ्या कशात नाही.
मी मुद्दाम खिडकीकडे बघत राहिले.
रबर छप्पन्नवर टेकला.
थांबला.
मग वर सरकून त्यानं फक्त 'जिंकला' पुसलं.
"आईला सांगू?"
एका अंशाचा फरक पाऱ्याच्या थरथरीतही असतो,
हे सांगायचं मी उद्यावर ठेवलं.
का ठेवलं, माहीत नाही.

सोमवारी हजेरीची वही उघडली,
बोट सवयीनं पहिल्या ओळीवर.
मग ड्रॉवरमधून हाडं काढली, तेवीस, मुलांनी घरून आणलेली.
पहिलं निघालं अब्दिकरीमोवचं,
जो रोजच पहिला असतो. वर्ग खो खो हसला.
हाडाला न्याय कळत नाही,
ते फक्त कुणाचं तोंड बघत नाही.

एर्केबुलान अकरावा आला.
'हजर' म्हणायचं राहूनच गेलं त्याचं.
तो अजून तयार नव्हता.