अर्धा, गोड

फोंड्याच्या वरच्या बाजारात कुष्टाचं हॉटेल.
माणसांची नावं तो विसरतो,
त्यांचा चहा विसरत नाही.
दुर्भाटचा होडीवाला उंबऱ्यात दिसला की
पातेल्यात पावडर दुप्पट.
पोस्टातल्या आग्नेलला दूध वेगळ्या पेल्यात.
तेली मास्तरांना बिनसाखरेचा, पण बशीत गुळाचा खडा:
साखर सोडली आहे, गोड नाही.
आणि यशवंत गावस,
खाण बंद पडल्यापासून ज्याच्याकडे ट्रक नाही,
तो अजून ट्रकवाल्याचाच चहा पितो,
चमचा उभा राहील एवढा उकळलेला.

मला: अर्धा, गोड.
बाई आली की अर्धा, गोड.
सात वर्षं मी तो पिते आहे.

कोपऱ्यातल्या बाकावर मी पानं शाईत काढते.
पुण्याहून पेन्सिलीतली येतात,
मी त्यांच्या रेषांवरून रेषा ओढते.
माझं काम एवढंच, रेषा सोडायची नाही.

महाकवचचं नाक या अंकात मोडलं आहे.
मागच्या अंकात त्याची दाढी वाढली होती.
त्याच्या वैऱ्यांत एक ढेरपोट्या, एक टकल्या,
एक काडीसारखा म्हातारा, जो फक्त खोकून
पूल पाडतो.
प्रत्येकासाठी माझ्याकडे वेगळी निब आहे.

कवचकन्येला एकच पुरते.
नावात कवच,
अंगावर ते तीन ठिकाणी संपतं.
इमारत कोसळते, लिपस्टिक नाही.
पाठ दिसते आणि छातीही दिसते, एकाच चौकटीत.
एकदा घरी दार लावून
आरशासमोर तशी उभी राहिले होते.
दोन दिवस कमरेला बाम चोळत होते,
घरी सांगितलं, कळशी उचलताना लचकली.

काल चौदावं पान.
संहितेत लिहिलं होतं: लढाई संपली. दोघे थकलेले.
तो दगडावर बसलेला, हातात चहाचा ग्लास,
खांदे सैल, पोटाला छान घडी.
ती मागे उभी. केस वाऱ्यावर.
वारा फक्त तिच्यासाठी.

मी तिच्या हातात ग्लास दिला.
बस, तेवढंच करायचं होतं.
पण गरम ग्लास दोन बोटांत धरायचा
तर कोपर आत घ्यावं लागतं.
कोपरासाठी खांदा खाली आला,
खांद्यासाठी पाठ सरळ झाली,
आणि पाठ सरळ झाल्यावर
चवड्यांवर तोललेले ते पाय
टाचा टेकूनच राहिले.
मग तिला बसवावंच लागलं.
पांढऱ्या रंगाची अख्खी बाटली संपली.
केस बांधले. वारा पुसला.

संध्याकाळी फोन:
"ती बसली का आहे?"
"चहा पितेय."
"मग वाचकांनी बघायचं काय?"
मी म्हटलं, फुंकर मारतेय ती, नीट बघा.
बराच वेळ कोणी बोललं नाही. मग, "उद्या बघू."

आणि आज सकाळी रंग भरणाऱ्या मुलीचा,
घाबरत घाबरत, एकच प्रश्न:
त्याचा चहा नेहमीचा तपकिरी केला आहे,
हिचा कोणता करू?

मी पेन खाली ठेवलं.
गवती चहाचा पिवळट? कोरा, लिंबू पिळलेला?
दूध किती, आलं घालून की वेलची?
सात वर्षं तिची कंबर एका दमात काढणारी मी,
मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात बाकावर ठक्कन ग्लास आला.
"बाय, चा!"
अर्धा. गोड.

कुष्टा, हा परत ने.
तो दचकला. "कितें जालें गो बाय? माशी?"
माशी नाही. पूर्ण भरून आण. कोरा.
साखर नको. आलं ठेचून.
यशवंत गावसनं वर्तमानपत्र खाली केलं.

आला तेव्हा ग्लास काठोकाठ होता,
दोन बोटांत धरवेना.
पहिला घोट कडू, दुसराही.
आवडला का, म्हणून कुष्टा उभाच राहिला
फडकं खांद्यावर टाकून.

थांब जरा, म्हटलं.
पिऊन तर बघू दे.